एकीने नको म्हटलं की सगळ्या परत

बाईंनी माझ्यापुढची परात ओढून घेतली तेव्हा मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. मी वाशीला त्यांच्याकडे पोळ्या करायला जायचे. कणीक नुकतीच मळून झाली होती. बाईंनी कणकेचा गोळा ओट्यावर ठेवला, परात पुसली आणि तिच्यात साखरेचा डबा उपडा केला. रेशनची साखर ती, महिनाभर पुरवायची. बाईंनी ती तळहाताने सारखी पसरली, कणीक भाकरीसारखी थापून साखरेवर अंथरली आणि परात एका बाजूने हळूहळू उचलायला लागल्या.

"बघ आता. नजर काढू नकोस," म्हणाल्या.

बराच वेळ काही झालं नाही. परात चांगली कलती झाली आणि मग अख्खी कणीक एकदम सटकून खाली आली. आवाजसुद्धा झाला नाही. तो आवाज न होणं मला आवडलं नाही.

"वरून काय दिसत होतं?"

मी म्हटलं, "कणीक."

"घट्ट, गुळगुळीत. खाली साखर आहे हे वरून कुणाला कळणार? डोंगरावर असंच होतं. जुना बर्फ थंडीने साखरेसारखा कणीदार होतो. त्यावर नवा पडतो. वारा तो नवा बर्फ आणून दाबून बसवतो. दिसायला पक्की जमीन. माणूस बिनघोर पाय टाकतो."

मी विचारलं, "आता या कणकेचं काय करू?"

"शंकरपाळे कर."

बाई त्याला हिमप्रपात म्हणायच्या. मी माझ्या मनात बर्फाची दरड म्हणायचे. आमच्या कोकणात पावसात दरड येते, तेवढीच मला माहीत. बर्फ मी पाहिला तो मच्छीवाल्यांच्या टोपलीतला.

बाई पन्नाशीच्या होत्या. बँकेत नोकरी, लग्न केलं नव्हतं. बँकेत जाताना पातळाखाली कापडी बूट घालायच्या. दर मे महिन्यात कॉलेजच्या चार-पाच मुली घेऊन हिमालयात जायच्या आणि वर्षभर त्याची तयारी करायच्या. त्यांच्या खिडक्यांना पडदे नव्हते. पडद्याच्या दांड्या होत्या, पण त्या दाराआड उभ्या असायच्या. संध्याकाळी त्या दांड्या घेऊन मला बरोबर घ्यायच्या. तेव्हा वाशीत जिकडे तिकडे बांधकाम चाललेलं, रेतीचे ढीग पडलेले. बाई पाठ करून उभ्या राहायच्या आणि मी ढिगात एक पत्र्याचा डबा पुरायचा. मग त्या दांडी खुपसत खुपसत डबा शोधायच्या. ओळीने, पाऊल पाऊल सरकत. मी डबा कुठे आहे ते सांगायचं नाही, त्या बाजूला बघायचंसुद्धा नाही.

एकदा वॉचमन आला. "मॅडम, क्या खो गया?"

"आदमी," बाई म्हणाल्या, हात न थांबवता.

तो जो पळाला तो मुकादमाला घेऊनच आला. मला हसू आवरेना. पदर तोंडात धरला. मुकादम बाईंना ओळखत होता, तो कपाळावर हात मारून परत गेला.

बाई मला म्हणाल्या, "पाहिलंस ना? पळाला. सगळे असेच पळतात. गावात जाऊ, माणसं आणू. माणसं येईपर्यंत खालच्याचा श्वास संपतो. जे तिथे उभे आहेत त्यांनीच शोधायचं असतं. तो कुठे शेवटचा दिसला ती जागा डोळ्यांत धरून ठेवायची आणि तिथून खाली शोधत जायचं. म्हणून तुला सांगते, नजर काढायची नाही."

एका संध्याकाळी डबा सापडेना. मी नेहमीसारखाच पुरला होता, पण वरून कुणीतरी रेती ओढून नेली असावी, कुणास ठाऊक. बाईंनी सगळा ढीग टोचून काढला. मग दांडी टाकली आणि हातांनी उकरायला लागल्या. मी म्हटलं, "बाई, जाऊ द्या, जुना डबा आहे." त्यांना ऐकू गेलं नाही. नखात रेती गेलेली, श्वास लागलेला. मी नियम मोडून सांगितलं, "इथे होता, इथे." तिथेही नव्हता.

मग त्या रेतीवरच बसल्या आणि मला सांगितलं. तरुणपणी त्या एका टोळीबरोबर गेल्या होत्या. बाकी सगळे पुरुष. एका उताराशी आल्यावर बाईंना वाटलं, नको. का वाटलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या बोलल्या नाहीत.

"मी एकटीच बाई होते," म्हणाल्या. "म्हटलं, बोलले तर म्हणतील, म्हणूनच बायका आणू नयेत."

सगळे एकदम निघाले, एकमेकांच्या मागे. बर्फ सुटला. एकजण त्याखाली गेला. बाकीच्यांनी थोडं शोधलं आणि मदत आणायला खाली पळाले. बाईही पळाल्या.

मग त्या उठल्या, दांडी उचलली आणि घराकडे निघाल्या. डबा तिथेच राहिला. आता तिथे बँकेची इमारत आहे.

त्या दिवसानंतर मला त्यांचे नियम वेडेपणाचे वाटेनासे झाले, पण भीती वाढली. आधी मला वाटायचं, बाईंना सगळं कळतं. आता कळलं की त्याही घाबरतात.

रविवारी त्या मुलींना ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडच्या डोंगरावर न्यायच्या. मी डबे घेऊन मागे. तिथे बर्फ कुठला, नुसतं गवत आणि खदानीचे दगड. तरी प्रत्येक उताराशी सगळ्यांनी थांबायचं. एकीने पलीकडे जायचं, बाकीच्यांनी तिच्याकडे बघत राहायचं. ती पोचून कडेला उभी राहिली की दुसरीने निघायचं. पिशवीचे पट्टे सैल करायचे, म्हणजे वेळ आलीच तर पिशवी टाकता येते. खाली दरी किंवा दगड असतील तर तो उतार लहान असला तरी मोठा समजायचा. शेळ्या चारणारा एक म्हातारा दर वेळी बघायचा. एकदा म्हणाला, "काय गो बायांनो, भांडलाव काय एकमेकींशी? एकएकटी का जाताव?"

बाई म्हणाल्या, "हो आजोबा. तुम्ही पण शेळ्या एकएक सोडा."

"माझ्या शेल्या शान्या हायेत," तो म्हणाला.

या सगळ्यावर एक नियम होता. उताराशी उभं राहून बाई प्रत्येकीला विचारायच्या, "जायचं?" एकीने जरी नको म्हटलं तरी सगळ्या परत. कारण विचारायचं नाही. नको म्हणणारीला हसायचं नाही, समजवायचं नाही.

त्या मलाही विचारायच्या. मला फार लाजल्यासारखं व्हायचं. मी पोळ्या करणारी बाई, चौथीपर्यंत शिकलेली. मी मान हलवायचे.

"ही मान हो म्हणते की नाही? तोंडाने सांग."

"हो," मी म्हणायचे. मी जन्मात कुणाला नको म्हटलं नव्हतं. जेवताना वाढणाऱ्यालासुद्धा नाही.

पावसाळ्यातला एक रविवार. पाऊस थांबलेला, ऊन पडलेलं. खदानीच्या वरून एक आडवी वाट जाते, तिथे आलो. बाईंनी एकेकीला विचारलं. सगळ्या हो म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. मला पुढे जावंसं वाटेना. का ते मला आजही माहीत नाही. नेहमीचा उतार, नेहमीचं गवत.

मी म्हटलं, "नको."

माझा आवाज मलाच ऐकू आला नसेल. पण बाई तिथल्या तिथे वळल्या. "चला, परत." बस, एवढंच. त्या मुली कॉलेजात जाणाऱ्या, चांगल्या घरच्या, त्याही गुपचूप वळल्या. माझ्या शब्दावर एवढी माणसं मागे फिरली. मला रस्ताभर घाम येत होता. परत विचारलं तर काय सांगू, याचीच धास्ती. कुणी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी गेलो तर त्या उतारावर म्हाताऱ्याच्या शेळ्या मजेत चरत होत्या. दगडसुद्धा हलला नव्हता. मी खाली मान घातली.

बाई म्हणाल्या, "मान वर कर. प्रत्येक टोळीत तुझ्यासारखी एक घाबरट बाई पाहिजे."

आणि मग माझी शालू म्हणाली, मला जायचंय.

शालू माझी एकुलती एक. वाशीच्या कॉलेजात बारावीला होती. सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर बाईंकडे यायची, त्यातून डोंगरावर यायला लागली. स्वभावाने माझ्यावरच गेलेली. वर्गात हजेरी देताना लाजायची. बाईंनी बूट दिले, खर्चाचं त्या बघणार होत्या. तिचे बाबा तुर्भ्याला कंपनीत होते. ते म्हणाले, "बर्फ बघायला एवढ्या लांब कशाला? मच्छीवाल्याकडं ढीग पडलाय." पण मनातून त्यांना अभिमान वाटत होता. कंपनीत सांगून आले होते, माझी मुलगी हिमालयात चाललीय.

भीती फक्त मला होती, कारण साखर आणि कणीक मी पाहिली होती. बाई ज्या दिवशी रेतीत बसल्या तो दिवसही मीच पाहिला होता. कुणाला सांगू?

त्या वेळी बाई प्रत्येकीच्या कमरेला एक लांब लाल दोरी बांधायच्या. उतार ओलांडताना ती मागे सोडायची. माणूस बर्फाखाली गेला तरी दोरी हलकी, तिचं टोक वर राहतं, ते धरून खाली पोचता येतं. दोऱ्या रंगवायचं काम माझ्याकडे. परकराचे नाडे एकाला एक जोडून मी आमच्या कोपरखैरण्याच्या खोलीत स्टोव्हवर लाल रंगात उकळले. शालूची दोरी दोनदा रंगवली. गाठी ओढून ओढून पाहिल्या. रात्री निजले तरी वाटे, एक गाठ राहिली.

आमची घरमालकीण आगरी होती, तिला आम्ही काकी म्हणायचो. ती दारातून म्हणाली, "हात कशान लाल झालं गो? कोनाचा खून केलास काय?"

मी म्हटलं, "पोरीची दोरी रंगवतेय."

"नवस हाय?"

मी म्हटलं, "तसंच समजा."

निघायच्या दिवशी वाशीच्या बस थांब्यावर मी बाईंना म्हणाले, "बाई, पत्र टाका."

"नाही टाकणार," बाई म्हणाल्या. "पत्र पोचायच्या आत आम्ही येऊ. तू काही ऐकलं नाहीस तर सगळं ठीक आहे असं समज."

हे समजणं किती कठीण असतं ते बाईंना लेकरू नव्हतं म्हणून कळलं नसेल, असं मला तेव्हा वाटलं. नंतर वाटलं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.

ते दिवस मी कसे काढले ते लिहिता येत नाही. बाईंच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. झाडांना पाणी घालायला जायचे आणि झाडं सोडून भिंतीवरच्या नकाशापुढे उभी राहायचे. मला तो वाचता येत नव्हता. नुसत्या तपकिरी रेघा, कुठे दाट, कुठे विरळ. दाट म्हणजे उभा उतार, हे बाईंनी सांगितलेलं. सगळीकडे दाटच दिसत होत्या. ताट धुताना कलतं झालं आणि शिळा भात घसरून मोरीत पडला, तर मी तिथेच बसले. एकदा रेडिओवर सांगितलं की हिमाचलात अवकाळी बर्फ पडला. तिचे बाबा म्हणाले, "मजा आहे पोरींची." मी उठून बाहेर गेले.

काकी येऊन माझ्याशेजारी बसली. "आमची मानसा रोज खाडीन जातान. आमी काय जेवत नाय काय? तू जेव गो."

जेवले. गिळवत नव्हतं, पण जेवले.

त्या ठरल्या दिवसाच्या आधीच आल्या. मी बाईंच्या घरी फरशी पुसत होते. जिन्यात बुटांचा आवाज आला आणि मी फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिले. मनात एकेक पाऊल वेगळं काढायचा प्रयत्न केला. शालू शेवटून दुसरी होती. नाकाची साल निघालेली, ओठ फुटलेले. माझ्याकडे न बघता आत आली.

संध्याकाळी मुलींना न्यायला घरचे आले. एका मुलीचे वडील होते, मोठ्या हुद्द्यावरचे. ते म्हणाले, "मॅडम, इतकं लांब जाऊन खिंडीच्या तोंडातून परत? आमची सांगते, त्याच दिवशी कॉलेजच्या पोरांची एक टोळी तिथूनच गेली. गाणी म्हणत गेली म्हणे."

"हो, गेली. सुखरूप पोचली. फार बरं झालं," बाई म्हणाल्या.

"मग तुम्ही का नाही?"

"मला उतार बरा वाटला नाही. मी फिरवलं."

"म्हणजे नुसती थंडी खाऊन आल्या आमच्या पोरी."

बाई हसल्या. "थंडी पण चांगली होती."

शालू पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. शालू म्हणाली, "आई, बाई खोटं बोलल्या."

"काय खोटं?"

"त्यांनी नाही फिरवलं. त्या निघालेल्या होत्या. मी म्हटलं नको."

मी सूप खाली ठेवलं.

तिने सांगितलं ते असं. आधी बर्फ पडून गेलेला, मग वारा. पहाटे सगळं चकचकीत, उतार धुतलेल्या चादरीसारखा. पलीकडे खिंड दिसत होती, अगदी जवळ. बाईंनी काठी खुपसून पाहिली, खड्डा खणून थर पाहिले, आणि म्हणाल्या, चालेल असं वाटतंय, एकेक जाऊ. मग सगळ्यांना विचारलं. हो, हो, हो. "मी मान हलवली. बाई म्हणाल्या, मान नको, तोंडाने. तर तोंडातून नको आलं."

एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, पण का? तेव्हा बाई ओरडल्या. एरवी कधी न ओरडणाऱ्या बाई. कारण विचारायचं नाही हे घरून ठरवून आलोय, म्हणाल्या. आणि सामान उचललं.

खाली उतरल्यावर ती पोरांची टोळी दिसली. त्याच उतारावर, सगळे एकदम, गर्दीने. बाई तिथेच थांबल्या. हातात दांडी घेऊन, शेवटचा पोरगा पलीकडे पोचेपर्यंत बघत राहिल्या. पापणी हलवली नाही, शालू म्हणाली. तो पोचला तेव्हा खाली बसल्या आणि पाणी प्यायल्या.

"येताना गाडीत कुणी माझ्याशी बोललं नाही. आई, त्यांना काही झालं नाही ना. मग मी चुकले ना?"

तुला नको का वाटलं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. काय दिसलं, काय ऐकलं, आतून कसं झालं. मला सगळं जाणून घ्यायचं होतं. तिच्या हातात तांदळाची मूठ होती आणि ती वाट बघत होती.

मी म्हटलं, "यात खडे फार आहेत. नीट बघ."

आणि मी सूप तिच्याकडे सरकवलं.

पण बाईंना मी विचारलं. पोळी लाटता लाटता, त्यांच्याकडे न बघता. "शालू चुकली का?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "न ओलांडलेल्या उताराचं उत्तर मिळत नाही. ओलांडलेल्याचंही मिळत नाही. तो त्या दिवशी गप्प बसला, एवढंच कळतं."

"मग तुम्हाला झोप कशी लागते?"

"लागत नाही," त्या सहज म्हणाल्या आणि भाजीत मीठ कमी आहे असं सांगितलं.

त्यानंतर बाईंकडे मुली यायच्या थांबल्या. अर्ध्यातून परत आणणारी बाई, असं नाव झालं होतं. खरं काय ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पुढच्या मे महिन्यात त्या गेल्याच नाहीत. रविवारी आम्ही दोघी-तिघीच डोंगरावर जायचो, एकेक करून गवत ओलांडायचो. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्या नाशिकला बहिणीकडे गेल्या. जाताना पडद्याच्या दांड्या मला देऊन गेल्या. मी त्यांना पडदे लावले. लाल दोरीवर कपडे वाळत घालते. रंग दोनदा दिला होता, अजून गेलेला नाही.

शालूला नोकरी लागल्यावर महाडकडचं एक स्थळ आलं. मुलगा तुर्भ्यालाच, तिच्या बाबांच्या ओळखीतला. पाहुणे पोहे खाऊन जवळच नातेवाइकाकडे थांबले होते, होकार कळवायचा तेवढा बाकी होता. माझे थोरले दीर गावाहून आले होते. त्यांच्यासमोर मी कधी बोलले नाही, पदर घेऊन आतच असते. त्यांनी शालूला विचारलं, "मग बाळ, कळवू ना?"

शालूने मान हलवली.

मी आतून म्हटलं, "मान नको. तोंडाने सांग."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शालूही. मग ती म्हणाली, "नको."

दीर म्हणाले, "का? मुलात काय खोट आहे? कारण तर सांगशील?"

मी दाराच्या चौकटीशी आले आणि म्हणाले, "कारण विचारायचं नाही."

"हा कुठला कायदा?"

"आहे," मी म्हटलं.

मुलगा चांगला असेलही. पुढे कुणाचं भलं झालं असेल त्याच्यामुळे. मला माहीत नाही, मला झोपही लागली नाही त्या रात्री. पण तेव्हा शालूचे बाबा बराच वेळ कपातला चहा हलवत बसले. मग उठले, चपला घातल्या आणि पाहुण्यांना सांगायला निघाले. मी दारात उभी राहिले. ते गल्लीच्या वळणावर पोचेपर्यंत मी नजर काढली नाही.